भुकूमच्या वाटेवरील दोन फटफट्या

पुण्याच्या पश्चिमेस कोथरूड मागें टाकून चांदणी चौकाचा चढ चढला, कीं शहर संपलें, असें एकेकाळीं म्हणतां येत असे. आतां तशी सोय राहिली नाहीं. चौकांतील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरांत स्फोटानें पाडण्यांत आला, पुढील वर्षीं ऑगस्टांत तेथील नवे उड्डाणमार्ग वाहतुकीस खुले झाले, आणि बावधन, भूगांव व भुकूम हीं गांवें एकाच लांबलचक बाजारपेठेंत ओंवल्यासारखीं दिसूं लागलीं. तरीहि भुकूम जवळ येऊं लागलें म्हणजे दोहों अंगांचे डोंगर नजरेंत भरतात व मनास बरें वाटतें. या गांवच्या खाटपेवाडीकडील डोंगरांतच राम नदी उगम पावते. भूगांवचा मानस तलाव, पुढें बावधन, पाषाण व बाणेर असा प्रवास करून ती मुळेस मिळते. शहरांत जिच्या पुलावरून जातांना आपण नाकास रुमाल लावतों ती हीच नदी, हें येथल्या पावसाळी ओढ्याकडे पाहून कोणास सांगितलें तर खरें वाटावयाचें नाहीं.

भुकूम हें मुक्काम करण्याचें स्थळ म्हणून प्रसिद्ध नाहीं. तें वाटेवरचें गांव आहे, आणि वाटेवरच्या गांवास जें भोगावें लागतें तें सारें त्याच्या वांट्यास आलें आहे. येथून पुढें घाटाचें वळण घेऊन रस्ता पिरंगुटास उतरतो. मग मुळशी तालुक्याचें ठाणें जें पौड तें लागतें. नंतर टाटांच्या धरणाचा तो विस्तीर्ण जलाशय, ज्याखालीं जमिनी जाऊं नयेत म्हणून मावळांतील शेतकऱ्यांनीं १९२१ पासून सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला. शेवटीं ताम्हिणीचा घाट व त्याखालीं कोंकण. अशा रस्त्यावर फटफटीवाल्यांची दृष्टि न जाती तरच नवल. रविवारीं पहांटे सहाच्या सुमारास भुकुमांत चहाच्या दुकानापाशीं उभें राहावें. पांच-पांच, दहा-दहांच्या टोळ्यांनीं मोठमोठ्या मोटारसायकली पश्चिमेकडे जातांना दिसतात. फटफटी हा शब्द आपल्या भाषेनें केवळ आवाजावरून घडविला आहे. तो आतां जुनाट वाटतो, पण त्याच्याइतका नेमका शब्द मला दुसरा सुचत नाहीं, म्हणून येथें मी तोच वापरणार आहें.

या रस्त्यावर मी मुद्दाम दोन फटफट्या घेऊन गेलों, त्यास कारण घरगुती होतें. आमचा थोरला पुतण्या गेल्या वर्षापासून पिरंगुटाच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. वय तेवीस, पहिला पगार हातांत, आणि मोठी फटफटी घेण्याचा ध्यास. त्याचें मन रॉयल एन्फील्डच्या इंटरसेप्टर ६५० वर बसलेलें. त्याच्या चुलतभावाचें म्हणणें असें कीं, हें नुसतें धूड आहे. घ्यावयाची तर ट्रायम्फची स्पीड ४०० घ्यावी. चौदा माणसांच्या आमच्या घरांत यावरून उघड दोन पक्ष पडले. जेवणाच्या पंक्तींत दुसरा विषय निघेनासा झाला. अखेर दादा मला म्हणाले, “तूं आयुष्यभर फटफटी चालविलीस. दोन्ही चालवून पाहा आणि काय तें सांग.” वहिनी आंतून वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, घाटांत कोणती जास्त पळते तें मला सांगूं नका. हा रोज संध्याकाळीं अंधार पडल्यावर भुकुमांतून परत येणार. तेथें कोणती बरी, तेवढें पाहून या.”

मोटारींच्या मासिकांतून व चित्रफितींतून अशा गाड्यांच्या पुष्कळ तुलना येतात. शून्यापासून शंभरापर्यंत किती सेकंदांत, सर्वाधिक वेग किती, असे प्रश्न त्यांत असतात. वहिनींचा प्रश्न त्यांत मला कोठें आढळला नाहीं. तोच मीं पुढें ठेविला.

प्रथम या दोन घराण्यांविषयीं. रॉयल एन्फील्ड इंग्लंडांतील रेडिच गांवची, ट्रायम्फ कॉव्हेंट्रीची आणि त्यांची तिसरी प्रतिस्पर्धी बी.एस.ए. बर्मिंगहॅमची, तिन्ही गांवें एकमेकांपासून फार दूर नाहींत. एन्फील्डची पहिली मोटारसायकल १९०१ सालची, ट्रायम्फची १९०२ सालची. पन्नास-साठ वर्षें या घराण्यांची चुरस चालली, आणि मग जपानी गाड्यांच्या लोंढ्यापुढें तीं एकामागून एक कोसळलीं. एन्फील्ड वांचली ती १९५५ सालीं मद्रासेस तिची शाखा निघाली म्हणून. रेडिचचा मूळ वृक्ष वाळला आणि येथील फांदीनें मूळ धरलें. ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना १९८३ सालीं बंद पडला. पुढें जॉन ब्लूर नांवाच्या बांधकामाच्या धंद्यांतील गृहस्थानें तें नांव विकत घेऊन हिंक्ली येथें तिला नवा जन्म दिला. या ट्रायम्फनें २०२० सालीं आपल्या आकुर्डीच्या बजाजशीं करार केला आणि २०२३ च्या जुलैंत स्पीड ४०० बाहेर पडली. ती तयार होते चाकणास. म्हणजे नांव इंग्रजी असलें तरी मुलगी आपल्या पुणें जिल्ह्यांतली! बी.एस.ए. हें नांव आतां महिंद्रांच्या गटाकडे आहे व तिची गोल्ड स्टार २०२४ च्या ऑगस्टांत आपल्याकडे आली. नॉर्टन २०२० सालीं टी.व्ही.एस.नें घेतली. ज्यांच्या फटफट्यांवर बसून गोरे अधिकारी आपल्या छावण्यांतून हिंडत, त्या घराण्यांचा संसार आज चेन्नईस व चाकणास चालावा, याचें मला कौतुक वाटतें. मात्र कौतुकानें ब्रेक लागत नाहीं, हेंहि खरें.

आमच्या घरीं एक जुनी बुलेट आहे. वडिलांनीं ती १९७४ सालीं घेतली. गियर उजव्या पायाशीं, ब्रेक डाव्या पायाशीं. सुरू करावयाची तर आधीं अँपिअरचा कांटा मध्यावर आणून, दाबाची कळ सोडून मगच किक मारावयाची. ज्यास ही पूजा येत नसे त्याच्या पोटरीस ती प्रसाद देई. तिच्या नळकांड्याचा व्यास ७० मिलिमीटर आणि आंतील दट्ट्याची चाल ९० मिलिमीटर. हे दोन आंकडे लक्षांत ठेविले म्हणजे फटफट्यांच्या स्वभावांतील पुष्कळसा भेद कळतो. चाल लांब असली म्हणजे इंजिन सावकाश फिरतें, परंतु एकेका फेऱ्यास जोर मोठा लागतो. तें जात्यासारखें आहे. हळू फिरतें पण एका फेऱ्यांत पुष्कळ दळतें. उलट स्पीड ४०० चा व्यास ८९ व चाल अवघी ६४ मिलिमीटर, एकूण ३९८ घनसेंटिमीटर. ही ताकांतील रवी आहे. भराभर फिरवावी तेव्हांच लोणी येतें. इंटरसेप्टरला दोन नळकांडीं, प्रत्येकाचा व्यास ७८ व चाल ६७.८, मिळून ६४८ घनसेंटिमीटर. जणूं एका जात्यास दोघी बसल्या आहेत. त्यांतहि क्रँकची रचना २७० अंशांच्या कोनाची असल्यामुळें दोन नळकांड्यांतील स्फोट सारख्या अंतरानें होत नाहींत. लंगडी घालणाऱ्या मुलीच्या पावलांसारखा ठेका त्यांतून उमटतो. लोक जिला या गाडीची धडधड म्हणतात ती हीच, आणि ती कानास फार गोड लागते हें प्रतिपक्षानेंहि मान्य करावें.

आतां बळाचा हिशेब. इंटरसेप्टर सत्तेचाळीस अश्वशक्तीची, स्पीड चाळीस अश्वशक्तीची. पुतण्याचा सारा युक्तिवाद या सात घोड्यांवर उभा होता. पण पेट्रोल भरलेल्या इंटरसेप्टरचें वजन सुमारें २१८ किलो आणि स्पीडचें १७६ किलो आहे. दोहींवर सत्तर किलोचा स्वार बसविला तर पहिलीचें ओझें २८८ किलो व दुसरीचें २४६ किलो. भागून पाहावें, दोहींकडे दर घोड्यामागें सहा किलोंहून थोडें अधिक ओझें येतें. फरक इतका किरकोळ, कीं एखाद्या स्वारानें न्याहारी केली तरी तो भरून निघेल! म्हणजे ते सात जादा घोडे स्वतःचाच खोगीर वाहून नेण्यांत खर्ची पडतात. खरा फरक दुसरीकडे आहे. चाक फिरविण्याचा जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो इंटरसेप्टरचा ५२ न्यूटन-मीटर असून मिनिटास सव्वापांच हजारांच्या आसपास फेऱ्यांवर पूर्ण मिळतो. स्पीडचा साडेसदतीस, आणि तोहि साडेसहा हजार फेऱ्यांवर. दोघी शिखरावर एकाच वेळीं पोंचतील. पण एक गात गात जाईल आणि दुसरी धापा टाकीत.

हें कागदावरचें झालें. एका रविवारीं पुतण्याच्या मित्राची इंटरसेप्टर व शेजाऱ्यांची स्पीड अशा दोन्ही गाड्या घेऊन आम्ही काका-पुतणे निघालों, आणि वाटेंत आळीपाळीनें बदलीत गेलों. नंतर एका बुधवारीं सायंकाळीं, कारखाना सुटण्याच्या वेळेस, मी एकट्यानें पुन्हां तोच रस्ता दोहींवरून दोनदां केला.

कोथरूडच्या गर्दींत स्पीड सरस ठरते. बैठक ७९० मिलिमीटर उंचीची, त्यामुळें मध्यम बांध्याच्या माणसाचे दोन्ही पाय जमिनीस टेकतात. वजन कमी असल्यानें रिक्षा व बस यांमधून ती सहज वळते. इंटरसेप्टरची बैठक ८०४ मिलिमीटर, आणि थांबलेली असतांना तिचें वजन मनगटांस व मांड्यांस जाणवतें. उन्हांत दोन्ही इंजिनें गुडघ्यांस शेक देतात. स्पीड पाण्यानें थंड होते. तिचा पंखा सुरू झाला म्हणजे ऊन वारा पायांवर येतो. इंटरसेप्टर हवेनें व तेलानें थंड होते, म्हणजे ती चालती राहिली तरच तिला बरें वाटतें. क्लच मात्र दोहींचा हलका आहे. जुन्या बुलेटचा क्लच दाबून ज्यांच्या डाव्या हातास घट्टे पडले त्यांस ही चैन वाटेल.

भूगांव ते भुकूम हा पट्टा या परीक्षेचा मुख्य भाग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दुकानें, मंगलकार्यालयांचीं हिरवळीचीं आवारें, मध्येंच खडीचे डंपर, आणि जागोजाग गतिरोधक. कांहींवर पांढरे पट्टे आहेत, कांहींचे पुसून गेले आहेत. गतिरोधकावर इंटरसेप्टरची मागील बाजू कमरेस स्पष्ट निरोप देते. तिच्या मागील स्प्रिंगांस दबण्यास जागाच ८८ मिलिमीटर, पुढें ११० मिलिमीटर. स्पीडला पुढें १४० व मागें १३०. ती खड्डा गिळून टाकते व स्वारास थोडक्यांत कळविते. माझ्या वयाच्या मनुष्यास एवढ्या एका गोष्टीनें निकाल देतां आला असता.

भुकूम मागें टाकून घाटास लागलों, आणि पारडें फिरलें. चौथ्या गियरमध्यें इंटरसेप्टर हातास नुसती खूण केली कीं चढ चढते. गियर बदलावा लागत नाहीं, इंजिन ओरडत नाहीं, पुढच्या ट्रकास मागें टाकावयाचें तर दोन श्वासांत तें होतें. वळणावर ती जड बैलासारखी आधीं थोडा विचार करते, पण एकदां वळली कीं रेषा सोडीत नाहीं. स्पीडवर तोच चढ घेतांना एक-दोन गियर खालीं उतरावें लागलें. इंजिन पांच हजारांच्या वर फिरूं लागलें कीं तिची कळी खुलते, हांडलांत व पायांखालीं बारीक थरथर येते, आणि मग ती शेळीसारखी वळणांवळणांवरून उडत जाते. तरुणास यांत जी मौज वाटते ती मीहि उपभोगिली, हें लपविण्याचें कारण नाहीं. पौडाच्या पुढें मोकळा रस्ता लागल्यावर मात्र पुतण्या इंटरसेप्टरवरून उतरावयास तयार होईना. मुळशीच्या पाण्याच्या कडेनें, सूर्य पाठीशीं असतां, त्या संथ धडधडीवर तासभर जाणें हें सुख आहे. माझा स्वतःचा कौल विचाराल तर सहलीस मी डोळे मिटून इंटरसेप्टर घेईन. पेट्रोल दोन्ही बेतानेंच पितात. इंटरसेप्टरनें आम्हांस लिटरास सुमारें पंचवीस किलोमीटर दिले, स्पीडनें तीन-चार अधिक.

परंतु वहिनींचा प्रश्न सहलीचा नव्हता. बुधवारीं अंधार पडतां पडतां मी पिरंगुटाहून घाट चढून भुकुमाकडे उतरत होतों. इंटरसेप्टरवर असतां मला जाणवलें कीं, अंगास भास पन्नासाचा होत आहे आणि कांटा मात्र सत्तरावर आहे. इंजिन इतक्या स्वस्थपणें चालतें, कीं वेगाची वार्ता तें स्वारास देतच नाहीं. तासाभरानें त्याच उतारावर स्पीडवर आलों, तेव्हां सत्तराचा भास सत्तराचाच होता. इंजिनाचा सूर, हाताची थरथर, वाऱ्याचा मारा, सारे मिळून पुकारत होते. मोकळ्या रस्त्यावर जो पहिलीचा गुण, तोच वस्तींत शिरतांना तिचा दोष होतो. वेग लपविणारी गाडी अनुभवी माणसास विसावा देते. नव्यास ती फसविते.

त्या सायंकाळीं मी रस्त्याच्या कडेस चहा घेत बसलों होतों. शेजारीं गांवचे एक वृद्ध शेतकरी होते. पलीकडे गोठा, अलीकडे घर. दुधाची कासंडी घेऊन रोज चार वेळां हा रस्ता ओलांडावा लागतो असें ते म्हणाले. रविवारच्या फटफट्यांच्या आवाजाचा त्रास होत असेल, असें मीं म्हटलें. त्यावर ते हंसले. “आवाजानं झोप मोडती, ते खरं. पन जी वाजती ती कळती तरी. जी वाजत न्हाई अन् येती, तिचं भ्या वाटतं.” मीं समोर उभ्या असलेल्या दोन्ही गाड्यांकडे बोट केलें व यांतील भिण्यासारखी कोणती तें विचारलें. त्यांनीं गाड्यांकडे पाहिलेंच नाहीं. “वरचा पोरगा कोन हाय, त्यावर हाय ते,” असें म्हणून ते कासंडी उचलून उठले, आणि रस्ता ओलांडण्यासाठीं, मीं घड्याळ पाहिलें, चार मिनिटें उभे राहिले.

मुद्दाम फोडलेले सायलेन्सर लावून गांवांतून जाणारे कांहीं वीर असतात, त्यांच्याविषयीं मला सहानुभूति नाहीं. कंपनीनें दिलेल्या स्थितींत या दोन्ही गाड्या सभ्य आवाजाच्या आहेत. शिरस्त्राणाविषयीं पुणेंकरांस सांगणें म्हणजे वाद ओढवून घेणें. २०१९ च्या आरंभीं पोलिसांनीं सक्ति मनावर घेतली तेव्हां या शहरांत हेल्मेटविरोधी मोर्चा निघाला होता! आमच्या घरीं तरी तो प्रश्न उरलेला नाहीं.

आणखी एक गोष्ट वहिनींस ठाऊक नव्हती, ती मीं सांगितली तेव्हां त्यांस आश्चर्य वाटलें. आपल्याकडे गियरच्या दुचाकीचा परवाना एकदां मिळाला, कीं शंभर घनसेंटिमीटरची गाडी चालवा अथवा हजारांची, कायद्यास भेद नाहीं. युरोपांत तसें नाहीं. तेथें तरुणांस मधल्या पायरीचा परवाना मिळतो व त्यावर पस्तीस किलोवॅटपर्यंतचीच फटफटी चालवितां येते. अनुभव घेऊन वर चढावयाचें. इंटरसेप्टर नेमकी त्या पायरीच्या कांठावर बसते. आपल्याकडे मोठ्या गाडीची रेषा आंखली आहे ती परवान्यानें नव्हे, करानें. २०२५ च्या २२ सप्टेंबरापासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीवरील वस्तु-सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आणि त्यावरील गाड्यांवर तो चाळीस टक्के झाला. स्पीड आणि इंटरसेप्टर दोन्ही रेषेच्या वर, तर ३४९ घनसेंटिमीटरची आजची बुलेट रेषेच्या खालीं! दादांनीं हें ऐकून लगेच बुलेटचा पक्ष घेतला. वीस अश्वशक्ति व १९५ किलो वजन. स्वारासह दर घोड्यामागें तेरा किलो ओझें. ती हत्तीच्या चालीनें चालते, आणि वहिनींच्या दृष्टीनें हा तिचा मोठा गुण ठरला असता. पण तेवीस वर्षांच्या मुलास आजोबांच्या गाडीची धाकटी बहीण घे म्हणून सांगणें जमलें नाहीं.

निकाल मीं असा दिला: रोजच्या रस्त्यास स्पीड ४००, कारण ती हलकी आहे, खड्ड्यांत सांवरते, आणि आपला वेग स्वारापासून लपवीत नाहीं. पुतण्या दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशीं स्वतःच येऊन म्हणाला, “काका, बुधवारीं त्या उतारावर कांटा किती होता म्हणालांत?” मीं पुन्हां सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं.

गाडीची नोंदणी झाली आहे. वहिनींनीं अट घातली आहे ती एवढीच, कीं भूगांव व भुकूम या दोन गांवांच्या हद्दींत कांटा चाळीसाच्या वर जावयाचा नाहीं, आणि रात्रपाळीच्या दिवशीं गाडी घरीं राहावयाची. गाडी हातीं येण्यास तीन आठवडे आहेत. तोंपर्यंत तो पी.एम.पी.च्या बसनें पिरंगुटास जातो, आणि खिडकींतून भुकूमचे गतिरोधक मोजून ठेवितो.